दिलमूनचे कब्रस्तान

कोकणातल्या मुस्लिम घरांना बहरीन हे नाव सांगावे लागत नाही. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील कितीतरी मोहल्ल्यांत पक्क्या घरांचा पाया आखातातल्या कमाईवर भरला गेला आहे. त्याच्याही आधी, तेल सापडण्यापूर्वी, बहरीनचे मोती विकायला मुंबईच्या बाजारात येत आणि तिथले व्यापारी महिनोन्महिने मुंबईत मुक्काम करीत. १९६५ मध्ये बहरीनचा स्वतःचा दिनार निघाला. तोवर तिथल्या दुकानात आपलाच रुपया चालत होता. एवढा जुना शेजार असूनही त्या बेटावरची सर्वांत मोठी गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी बोलत नाही. नोकरीवरून परत आलेले लोक पूल, बाजार, मशिदी यांचे वर्णन करतात. रस्त्याच्या कडेला दिसलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांविषयी विचारले तर म्हणतात, "हो, आहेत खरे. कसल्या तरी जुन्या कबरी."

त्या कसल्या तरी जुन्या कबरी चार हजार वर्षांच्या आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे २२०० ते १७५० या साडेचारशे वर्षांत त्या बांधल्या गेल्या. २०१९ साली युनेस्कोने बाकू येथील बैठकीत त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा २१ ठिकाणे मिळून ११,७७४ दफनटेकड्यांची नोंद झाली. ही संख्या उरलेल्यांची आहे. १९५९ मध्ये विमानातून काढलेली छायाचित्रे नंतर अभ्यासकांनी बारकाईने तपासून एकेक टेकडी मोजली, तेव्हा मूळ आकडा ७५ हजारांच्या आसपास गेला. आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याहूनही लहान असे हे बेट. त्यावर ७५ हजार टेकड्या, आणि प्रत्येकीच्या पोटात बहुधा एक माणूस.

टेकडी म्हटल्यावर डोळ्यांपुढे मातीचा ढीग येतो. पण बांधताना तिचा आकार तसा नव्हता. मधोमध चुनखडीच्या दगडांची लांबट खोली, तिच्या एका टोकाला कोनाड्यासारखी बगल, वर मोठमोठ्या शिळांचे छत. भोवती गोल दगडी भिंत आणि भिंत व खोली यांच्या मधल्या जागेत खडी-मातीची भर. म्हणजे एक बुटका गोल बुरूजच. शतके लोटली, भिंती ढासळल्या, माती बाहेर पसरली आणि बुरुजाची टेकडी झाली. आत मय्यत उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेली, हात चेहऱ्याजवळ, डोके साधारणपणे ईशान्येला. जवळ मातीचा एखादा घडा, शेळी-मेंढीच्या मांसाचा वाटा (आता फक्त हाडे), कधी डांबर लावलेली टोपली, कधी तांब्याची वस्तू, कधी दगडी शिक्का, तर कधी शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा पेला.

उजव्या कुशीवर हे वाचून आमच्यासारख्या वाचकाचे मन चटकन आपल्या रिवाजाकडे जाते. तसे जाऊ द्यावे, पण तिथेच थांबावे. गुडघे दुमडलेले आहेत, सोबत खाणे-पिणे ठेवले आहे, दिशा किब्ल्याची नाही. झोपलेल्या माणसासारखे मेलेल्याला निजवावे ही कल्पना माणसाला अनेक ठिकाणी अनेक वेळा सुचली असणार. इस्लामच्या अडीच हजार वर्षे आधीच्या लोकांना मागच्या दाराने मुसलमान करून घेण्याची गरज नाही. तसल्या लेखनाने इतिहासाचेही भले होत नाही आणि दीनाचेही.

या कबरी उकरण्याचा इतिहासही वाचण्याजोगा आहे. १८७९ मध्ये कॅप्टन ड्युरँड नावाचा इंग्रज अधिकारी तिथे आला. त्याला एका काळ्या दगडावर कीलाकार लिपीतला लेख मिळाला. हेन्री रॉलिन्सनने त्यावर टिपण लिहिले आणि सुमेरच्या जुन्या लेखांत वारंवार येणारे 'दिलमून' म्हणजे हेच बेट असावे असे सुचवले. १८८९ मध्ये थिओडोर बेंट आणि त्यांची पत्नी मेबल यांनी आली गावाजवळची मोठी टेकडी खणली आणि या कबरी फिनिशियन लोकांच्या असे ठरवून टाकले. १९०६ ते १९०८ या काळात पोलिटिकल एजंट प्रीडो याने खोदकाम केले. त्याचा अहवाल छापून आला तो भारतीय पुरातत्त्व खात्याच्या १९०८-०९ च्या वार्षिक अंकात, कारण आखाताचा कारभार तेव्हा हिंदुस्थान सरकारकडून चाले. बहरीनच्या कबरींवरचा एक महत्त्वाचा जुना दस्तऐवज अशा रीतीने आपल्याच ग्रंथालयांच्या कपाटात आहे.

१९२५ मध्ये अर्नेस्ट मॅके आला. हाच मॅके पुढच्याच वर्षापासून मोहेंजोदडोच्या उत्खननात होता. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याच्या कामाचा उल्लेख निघतो. त्याने बऱ्याच कबरी उघडल्या, आजूबाजूला जुने गाव दिसेना, म्हणून त्याचे मत पडले की हे बेट राहण्याचे नव्हतेच. समोरच्या अरबस्तानातून मुर्दे नावेत घालून इथे आणून पुरत असावेत. मृतांचे बेट! ही कल्पना इतकी आकर्षक होती की पुढे पुष्कळ वर्षे ती पुस्तकांतून फिरत राहिली.

ती मोडली डेन्मार्कच्या लोकांनी. जेफ्री बिबी हा इंग्रज गृहस्थ १९४७ ते १९५० या काळात तेल कंपनीच्या नोकरीनिमित्त बहरीनमध्ये होता. या टेकड्या त्याच्या डोक्यातून गेल्या नाहीत. १९५३ मध्ये तो प्राध्यापक पी. व्ही. ग्लोब यांच्यासोबत आरहूसहून परत आला आणि त्यांनी एक साधा प्रश्न धरला : मेलेले इतके, तर जिवंत कुठे राहत होते? उत्तरेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या किल्ल्याखाली जी उंच पांढर आहे, तिच्यात त्यांना उत्तर मिळाले. सुमारे १२ मीटर जाडीचे वस्तीचे थर, एकावर एक, इसवी सनापूर्वी २३०० पासून थेट सोळाव्या शतकापर्यंत. आज ती जागा कलअत अल-बहरीन म्हणून ओळखली जाते आणि २००५ पासून तीही जागतिक वारशात आहे. जवळच्या बारबार गावी १९५४ पासून दगडी मंदिर उघडे झाले.

मुर्दे बाहेरून आणत हे मत साध्या हिशोबानेही टिकत नाही. वर्गात मुलांना घालावा असा हा हिशोब आहे. ७५ हजार कबरी भागिले ४५० वर्षे, म्हणजे वर्षाला सरासरी १६७ मृत्यू. जुन्या काळी हजारी ३५ माणसे वर्षाला मरत असे धरले तर एवढ्या मृत्यूंसाठी पाच हजारांच्या आत-बाहेर वस्ती पुरते. झरे आणि खजुरीच्या बागा असलेल्या बेटाला तेवढी माणसे सांभाळणे मुळीच जड नाही. आकड्याने डोळे दिपले की भागाकार करायचे राहून जाते.

पण किल्ल्याखालच्या पांढरीत वरच्या थरांमुळे खालचे गाव मोकळे करता येत नाही. ती उणीव सार या ठिकाणाने भरून काढली. लंडन-बहरीन पथकाने १९९० ते १९९९ अशी दहा वर्षे तिथे काम केले आणि चार हजार वर्षांपूर्वीचे एक संपूर्ण खेडे जमिनीवर आले. मधून सरळ रस्ता, रस्त्याच्या उंचवट्यावर छोटे मंदिर, दोन्ही बाजूंना एकमेकांना टेकलेली घरे. घरांचा नमुना जवळजवळ एकच : कोपऱ्यात एक आतली खोली आणि तिला दोन बाजूंनी वेढणारे इंग्रजी एल् अक्षरासारखे अंगण. दारापाशी गिलावा केलेली पाण्याची टाकी, अंगणात तंदूर, चूल. लोक खात काय? मासे, शिंपल्यांतले प्राणी, खजूर, शेळी-मेंढी. कोकणी माणसाला त्या जेवणात फारसे परके वाटू नये.

सारच्या घरांतून दगडी शिक्के आणि मातीवर उठवलेले त्यांचे ठसे भरपूर निघाले. बारीकशा गोल शिक्क्यावर हरीण, बैल, नाव, नळीने पेय पिणारी माणसे कोरलेली. एवढ्या लहान गावात एवढे शिक्के याचा अर्थ घरोघर मालाची देवघेव होती, गाठोड्याला किंवा दाराला मोहोर लावण्याची गरज होती. त्या काळचे दिलमून म्हणजे बंदर होते. मगन, म्हणजे ओमानकडचे तांबे इथून इराकमधल्या उर शहराकडे जाई. उरच्या एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याचे मातीच्या पाट्यांवरचे पत्र-व्यवहार सापडले आहेत. इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमारास त्याला नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने चिडून लिहिले आहे की तांबे हलके दिले आणि माझ्या माणसाला अपमान करून परत पाठवले. व्यापाराची भांडणे बदलत नाहीत, हे त्या पाटीकडे पाहून कळते.

आणि या व्यापारात आपली बाजूही होती. किल्ल्याच्या उत्खननात सिंधू संस्कृतीची वजने सापडली. दिलमूनचे माप म्हणून मेसोपोटेमियात जे चाले ते सिंधूच्या मापाशी जुळते. उलट गुजरातेत लोथलला आखाती पद्धतीचा गोल शिक्का मिळाला आणि एस. आर. राव यांनी तो प्रसिद्ध केला. मेलुहा या नावाने सुमेरचे लोक ज्या देशाला ओळखत तो बहुतेक विद्वानांच्या मते सिंधूचा प्रदेश. म्हणजे आखाताची वाट आपल्या बापजाद्यांनी १९७० नंतर शोधलेली नाही. दाभोळच्या बंदरातून बहमनी आणि आदिलशाही काळात होर्मुझकडे ये-जा होती हे आपण वाचतो. त्याच समुद्रावरची ही त्याहून तीन हजार वर्षे आधीची ये-जा.

आता परत कबरींकडे. सुरुवातीच्या टेकड्या एकमेकींसारख्या होत्या. पुढे काही टेकड्यांभोवती आणखी एक बाहेरचे कडे दिसू लागते, काही मोठ्या होतात, आणि शेवटी आली गावाजवळ दोन मजली दफनगृहे उभी राहतात. काही तर आजही १० मीटरहून उंच आहेत. वारसा यादीत अशा १७ राजटेकड्या आहेत. त्या राजांच्याच होत्या का, हा प्रश्न बरीच वर्षे लटकला होता. ड्युरँडच्या काळ्या दगडावर 'रिमुम' असे नाव होते, इन्झाक देवाचा सेवक म्हणवणारा, त्याच्या वाड्याचा उल्लेख होता. अलीकडच्या उत्खननात आलीच्या राजटेकडीत दगडी भांड्यांचे लेख असलेले तुकडे मिळाले, त्यांवर 'यागली-एल, रिमुमचा मुलगा' असे वाचले गेले. २०१७ मध्ये ही माहिती ग्रंथरूपाने आली. १८७९ मध्ये सापडलेल्या बापाच्या नावाला मुलाची कबर मिळायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

आणि त्याच काळात, त्याच बेटावर, सारच्या गावाशेजारी दुसरेच दृश्य आहे. तिथले कब्रस्तान मधमाशांच्या पोळ्यासारखे आहे. पहिल्या कबरीच्या भिंतीला टेकवून दुसरीची अर्धगोल भिंत, तिला टेकवून तिसरी, चौथी. स्वतंत्र टेकडी कोणालाच नाही. राजाचे थडगे पाहून माणूस थक्क होतो खरा. आम्हाला मात्र हे पोळे अधिक बोलके वाटते. ज्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांना भिंती टेकवून घरे बांधली, त्यांनी कबरीही तशाच बांधल्या.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण वाचकांच्या मनात ती येईलच. सुमेरच्या कथांत दिलमून ही पवित्र भूमी आहे. महापुरातून नावेने वाचलेल्या झियुसुद्राला तिथे वसवण्यात आले अशी कथा आहे. हजरत नूह यांचा किस्सा जाणणाऱ्याला तिचे साम्य जाणवणारच. पण कथेतली भूमी आणि नकाशावरची भूमी या दोन गोष्टी आहेत. बहरीनच्या कबरींत तुफानाचा पुरावा शोधू नये आणि कुरआनच्या किश्शाला मातीच्या पाटीची साक्षही काढू नये. ईमानाला खोदकामाची पावती लागत नाही.

इसवी सनापूर्वी १७५० नंतर हे वैभव ओसरले. सार ओस पडले, मंदिरे पडली. पुढे बाबिलोनचे कस्साइट सुभेदार आले, मग ग्रीकांच्या लेखी हे बेट 'टायलोस' झाले. रसूलुल्लाह (स.अ.व.) यांच्या काळी पूर्व अरबस्तानच्या साऱ्या किनारपट्टीला बहरीन म्हणत आणि बेटाला अवाल. हजरत अला अल-हजरमी (र.अ.) पत्र घेऊन मुंजिर बिन सावाकडे गेले ते याच प्रदेशात. बेटावरची अल-खमीस मशीद तिच्या दोन मिनारांसह उभी आहे. खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांच्या काळात तिचा पाया घातला गेला अशी परंपरा सांगते. सध्याची इमारत मात्र त्यानंतरच्या शतकांतली. तिच्या आसपास बिलाद अल-कदीम येथे खोदकाम झाले तेव्हा जुन्या इस्लामी वस्तीतून चिनी भांड्यांचे तुकडेही निघाले.

आणि दफनटेकड्या? त्या साडेतीन हजारांहून अधिक वर्षे तशाच होत्या. चोरांनी बहुतेक सगळ्या फार पूर्वीच लुटल्या, आलीच्या कुंभारांनी काहींच्या पोटात भट्ट्या घातल्या. खरा नाश झाला तो आपल्या हयातीत. लोकसंख्या वाढली, घरे हवी होती, रस्ते हवे होते. सौदी अरेबियाला जोडणारा पूल १९८६ मध्ये सुरू झाला. त्याच्या रस्त्यात सारच्या टेकड्या येत होत्या म्हणून त्याआधी तिथे घाईने उत्खनन करावे लागले. हमद टाऊन ही नवी वसाहत तर टेकड्यांच्या मैदानावरच उभी राहिली. १९८४-८५ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे के. एम. श्रीवास्तव यांचे पथक तिथे गेले आणि बुलडोझर पोचण्यापूर्वी कबरींची नोंद करून आले. त्यांचा अहवाल १९९१ मध्ये बहरीनच्या राष्ट्रीय संग्रहालयाने छापला.

यात सरकारला सरसकट दोष देणे आम्हाला पटत नाही. जिवंत माणसाला छप्पर हवे. मस्जिद-ए-नबवीच्या जागेवर मुश्रिकांच्या जुन्या कबरी होत्या आणि त्या हटवल्या गेल्या ही रिवायत आपल्याला ठाऊक आहे. जाहिलियतच्या काळातल्या कबरी राखाव्यात असा शरीयतचा आग्रह नाही, असे म्हणणारे तिचाच दाखला देतात. पण कुरआन वारंवार सांगतो की जमिनीवर फिरा आणि पूर्वीच्या कौमांचे काय झाले ते डोळ्यांनी पाहा. पाहायचे तर काहीतरी उरले पाहिजे. टेकडी पाडणे आणि टेकडी मोजून, नकाशावर मांडून, आतल्या माणसाची नोंद करून मग पाडणे यात फरक आहे. बहरीनने उशिरा का होईना दुसरी वाट धरली आणि जे उरले त्याला कायद्याचे कुंपण घातले.

आपल्याकडे या विषयाची एक वेगळीच बाजू आहे. मुर्दा पुरणे ही या मातीतली रीत नाही, ती बाहेरून आली, असे अधूनमधून कानावर येते. हे बोलणाऱ्याने अहिल्यानगर जिल्ह्यातले दायमाबाद पाहावे. तिथे उत्तर हडप्पा काळातले, म्हणजे दिलमूनच्याच आगेमागे, मातीच्या विटांनी बांधलेल्या खड्ड्यात माणसाचे दफन मिळाले. पुणे जिल्ह्यात इनामगावला मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून घरातल्या जमिनीखालीच पुरत. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली शेकडो शिळावर्तुळे आहेत. मोठ्या दगडांचे गोल कडे आणि आत खडी-मातीची भर, बहरीनच्या टेकड्यांची आठवण करून देणारी. त्यांचा परस्परांशी संबंध नाही, काळही हजार वर्षांनी वेगळा. पण महाराष्ट्राच्या जमिनीत दफन केलेली माणसे मराठी भाषेच्याही आधीपासून आहेत. यावरून कोणाचा हक्क सिद्ध होत नाही, तसा कोणाचा परकेपणाही सिद्ध होत नाही.

बहरीनच्या कामातून उचलण्यासारखी गोष्ट आहे ती नोंदीची. १९५९ ची विमान छायाचित्रे कोणी जपून ठेवली नसती तर ७५ हजार हा आकडा आज कोणालाच सांगता आला नसता. नष्ट झालेल्या साठ हजारांहून अधिक टेकड्या फक्त त्या फोटोंत उरल्या आहेत. आपल्या किती गावांत कब्रस्तानचा नीट नकाशा आहे? सातबाऱ्यावर नोंद असते, हद्द कुठली हे म्हातारे सांगतात, म्हातारे गेले की वाद सुरू होतो. जुन्या कबरींवर फारसी-उर्दू किंवा मोडी लेख असलेले दगड असतात, पावसाने झिजतात, एखाद्या दुरुस्तीत पायरीला बसतात. त्यांतली उर्दू अक्षरे उर्दू शाळेतली आठवी-नववीची मुले वाचू शकतात. वही, मोजपट्टी आणि मोबाईलचा कॅमेरा एवढ्यावर गावच्या कब्रस्तानची यादी एका सुट्टीत तयार होते. आम्ही शिक्षक मंडळींनी ते काम कोणाच्या आदेशाची वाट न पाहता करायला हरकत नाही.

बहरीनची जमीन अजून बोलायची थांबलेली नाही. मुहर्रक बेटावर समाहीज या गावच्या कब्रस्तानात एक उंचवटा होता, वर पडक्या मशिदीचे अवशेष. बहरीनचे पुरातत्त्व खाते आणि ब्रिटिश अभ्यासक टिमोथी इन्सॉल यांनी तिथे खोदकाम केले. मशिदीखाली ख्रिस्ती लोकांची इमारत निघाली, चौथ्या शतकाच्या मध्यापासून आठव्या शतकापर्यंत वापरात असलेली. आखातातल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती वास्तूंपैकी एक, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. इस्लाम आल्यानंतरही शे-सव्वाशे वर्षे ती नांदती होती. पुढे ते लोक कधीतरी निघून गेले किंवा मुसलमान झाले, आणि त्यांच्या भिंतींवर मशीद उभी राहिली. समाहीजच्या त्या उंचवट्याभोवती आज गावकऱ्यांच्या कबरी आहेत.